दादाच्या हाताखाली

१२ जानेवारी

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू 'बघू, बघू' म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही. आधी खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारते. आईचा खोकला कसा आहे? वहिनीचा हात भाजला होता तो बरा झाला का? विचारून झालं. आता खुर्ची ओढून नीट बस आणि पुढचं वाच.

आज प्लंबरच्या परवान्यासाठी कचेरीत गेले होते. लेखी परीक्षा पास. प्रात्यक्षिकही पास, आणि तेही कसं, तर परीक्षकाने मी केलेल्या पाइपच्या जोडाला बोट लावून बघितलं आणि पुढच्या माणसाला सांगितलं, असा आला पाहिजे. राहिली होती तिसरी पायरी. मला वाटत होतं तीच सगळ्यांत सोपी, कारण ती माझ्या सख्ख्या भावाच्या हातात होती. ज्या परवानाधारकाच्या हाताखाली काम केलं, त्याने लिहून द्यायचं की ही बाई स्वतःच्या अकलेने काम उभं करते आणि पुरं करते. बास, एवढंच.

साहेबांनी तू लिहिलेलं मला वाचून दाखवलं. 'माझी धाकटी बहीण माझ्या कामात मदत करते. कष्टाळू आहे. सांगितलेलं ऐकते.'

सांगितलेलं ऐकते. दादा, शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेवटच्या बाकावरच्या मुलीबद्दल बाई असं लिहायच्या. साहेब भला माणूस, त्याने वर माझी समजूत काढली. म्हणाला, अजून थोडी वर्षं भावाजवळ शिका, मग या. माझ्या डोक्याचे निम्मे केस पांढरे झालेत. ते त्याच्यासमोर मोकळे सोडून दाखवावेत असं मला वाटलं.

तू त्या गच्चीवरून पडलास तेव्हापासून शिडीच्या दुसऱ्या पायरीवरही तुला गरगरतं. मी त्याबद्दल कधी कुणापाशी चकार शब्द काढला नाही, आणि पुढेही काढणार नाही. पण मला एक सांग, तेव्हापासून टाक्यांवर कोण चढलं? गटाराच्या चेंबरमध्ये कोण उतरलं? दवाखान्याची नवी लाइन कुणी टाकली, शाळेचं स्वयंपाकघर कुणी केलं, आणि आज मी खोली घेऊन इथे या नव्या वसाहतीत राहते आहे ती हवा खायला का? मी मदतनीस असेन तर मग काम करणारा कुठे आहे, त्याला एकदा मला भेटव.

दुसरं लिहून दे. खरं लिहून दे. एवढंच मागते आहे.

तुझा माझ्यावर लोभ आहे असं मी आजवर धरून चालले होते. तो कचेरीतही दिसू दे.

बारकी

---

१८ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. रागाने देतोय, पण आशीर्वादच आहेत, तेव्हा घे.

आईचा खोकला कमी आहे. वहिनीचा हात बरा आहे, आणि जीभ तर त्याहून बरी आहे.

तू परवान्यासाठी अर्ज केलास हे मला कुणाकडून कळलं माहीत आहे? पाइपवाल्या दुकानदाराकडून. चार माणसांत त्याने माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मी तोंड वासून उभा. कशाबद्दल म्हणून विचारायचीही लाज वाटली, म्हणून मी नुसती मान हलवली. घरी येऊन वहिनीला विचारलं, तर तिलाही ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. म्हणजे घरात एकटा मीच परका. परक्या माणसाने जेवढं लिहायचं तेवढं मी लिहिलं.

बाबांच्या वेळेपासून या घरात एक दुकान, एक परवाना आणि एक पाटी आहे. त्या पाटीखाली तुझं काही अडलं का? गिऱ्हाईक तुला काही बोललं का? मग ही वेगळी चूल कशाला? उद्या तू तुझी पाटी लावशील आणि परवा लोक विचारतील की बहीणभावाचं बिनसलं का. त्यांना उत्तर मी द्यायचं.

आणि फार ऐट करू नकोस. तू हाताने चांगली आहेस हे मीच सगळ्यांना सांगतो. पण धंदा म्हणजे नुसते पाइपला आटे पाडणं नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास लागतो, आणि तो माझ्या नावावर आहे. खोटं वाटत असेल तर त्या साहेबाला म्हणावं, गिऱ्हाइकांनाच विचारा. दवाखाना, शाळा, बेकरी, तिघांचे पत्ते मीच कचेरीला कळवतो. काम कोण बघतं ते तेच सांगतील.

वसाहतीतली तिसऱ्या इमारतीची लाइन दाबाखाली तपासल्याशिवाय भिंत बुजवू नकोस. माहीत आहे तुला, तरी लिहितो.

जेवत जा. लोभ वगैरे काय ते तू ठरव.

तुझा दादा

---

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घे, तुझ्या मनासारखं झालं. साहेबांनी तिघांनाही विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताई फार कष्टाळू आहेत, पण प्रत्येक गोष्ट भावाला फोनवर विचारूनच करतात. भाऊ मोठे जाणकार दिसतात. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, जरा अडलं की यांचा दादांना फोन जातो, त्यामुळे आम्हाला कसली काळजीच नसते. आणि तो बेकरीवाला. त्याचं स्वयंपाकघर मी पाण्यातून बाहेर काढलं, मला पाव घेतल्याशिवाय तो जाऊ देत नाही. तो म्हणाला, डोकं भावाचं, हात बहिणीचे. साहेबांना ते वाक्य एवढं आवडलं की त्यांनी मला ते दोनदा ऐकवलं.

आणि तिघंही माझं भलं व्हावं म्हणूनच बोलत होते. मी चिडू कुणावर?

ते फोन कसे सुरू झाले ते तू सोयीने विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. तू पडल्यावर मी एकटीने घेतलेलं पहिलंच काम. दार उघडणारा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला की पुरुषमाणूस कुठे आहे. नाही म्हटल्यावर म्हणाला, मोठे आले की या. मी तिथल्या तिथे तुला फोन लावला आणि त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने विचारलं, दादा, मी पोचले, सुरू करू ना? त्या माणसाचा जीव असा भांड्यात पडला की त्याने मला लगेच आत घेतलं. झालं. तेव्हापासून प्रत्येक कामावर तेच. पाइप कुठला घालू, पाणी वाहायला ढाळ किती देऊ, भिंत बुजवू का, सगळं मला माहीत असायचं आणि सगळं मी तुला विचारायचे. तू पलीकडून हं म्हणायचास. एकदा तर तू न्हाव्याकडे होतास आणि वहिनीने फोन घेतला. दीड इंची घालू ना, असं मी विचारलं, आणि वहिनी म्हणाली, घाल बाई. ते दीड इंची आजही डॉक्टरीणबाईंच्या तळमजल्यावर उत्तम चाललंय, आणि त्याचं श्रेय तुझ्या डोक्याला आहे.

मला वाटायचं मी मोठी हुशारी करते आहे. काम मिळतंय, तुझं नाव राहतंय, कुणाचं काही जात नाही. माझंच जात होतं. माझ्या हाताने मी स्वतःला खोडत होते, आणि एवढं सफाईने खोडलं की आता मी साहेबांसमोर उभी राहून सांगते आहे की तो सगळा देखावा होता, तर त्यांना मीच लबाड वाटते.

तू मात्र लबाड वाटत नाहीस. तू नुसता हं म्हणालास.

आता एकच वाट उरली आहे. परवानाधारकाने स्वतः कचेरीत येऊन शपथेवर सांगायचं. तुला बोलावणं येईल. गेलास तर खरं सांग. खोटं सांगणार असलास तर येऊच नकोस, कचेरीतल्या बाकावर बसून मला ते ऐकवणार नाही.

आईला सांग, गोळ्या वेळेवर घे. तुला काय सांगायचं ते वर सांगितलं आहे.

बारकी

---

२० फेब्रुवारी

चि. बारकीस,
वहिनीचे आशीर्वाद.

मी तुम्हा दोघांच्या मध्ये पडणार नव्हते. पण या घरात आता कपबशी आपटल्याशिवाय खाली ठेवली जात नाही, म्हणून लिहिते.

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत. हे उशीखाली ठेवतात आणि ते मला माहीत नाही असं समजतात. तुझा राग रास्त आहे. पण एक गोष्ट हे तुला लिहीत नाहीत, कारण लिहिली तर तुझी दया पत्करावी लागेल, आणि तुझी दया पत्करण्यापेक्षा तुझ्या शिव्या बऱ्या असं यांचं गणित.

प्रत्येक काम पुरं झालं की परवानाधारकाने सही करायची असते, की मी जातीने हजर होतो, स्वतः तपासलं, मगच बुजवू दिलं. यांनी पडल्यापासूनच्या प्रत्येक कामावर अशी सही केली आहे. आता कचेरीत जाऊन शपथेवर 'सगळं बहिणीने केलं' म्हणायचं, म्हणजे त्या सगळ्या सह्या खोट्या होत्या असंच म्हणायचं. परवाना ठेवतील का? बाबांनी यांच्या हातात दिलेली तीच एक गोष्ट आहे. शिडी गेली, गच्ची गेली, चारचौघांत 'कंत्राटदार' म्हणवून घेणं तेवढं राहिलं आहे.

मी तुला अर्ज मागे घे म्हणत नाही. खरं सांगू, पहिल्या दिवशी म्हणणार होते. तुझा खूप राग आला होता, की भाऊ घरी बसून आहे आणि हिला पाटीचे डोहाळे लागलेत. मग भांडी घासता घासता वाटलं, मी एकदा 'घाल बाई' म्हणाले तर मी कंत्राटदार झाले, आणि ही इतकी वर्षं पाइप घालते तरी कुणी नाही. मग यांचाच राग आला. आता दोघांचा येतो. नवरा माझा आहे, पण काम तुझं आहे, आणि मला दोन्ही नाकारता येत नाही.

काय करायचं ते तू कर. फक्त माहीत असून कर.

आई विचारत होत्या, तुझ्या खोलीत पंखा आहे ना. नसला तर सांग. तू भांडलीस तरी आमची आहेस, आणि आम्हीही तुझेच आहोत हे राग ओसरला की आठव.

वहिनी

---

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने लिहिलं. तिच्यावर ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

हे मला तू का सांगितलं नाहीस? ऐट काय, वेगळी चूल काय, बाबांची पाटी काय, सगळं लिहिलंस, आणि मूळ दुखणं तेवढं गिळून बसलास. मी वेडी, तुला माझा हेवा वाटतो असं समजून रोज रात्री तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. निदान भांडण तरी खऱ्या गोष्टीवरून करायचं होतं.

तुला वाटत असेल, आता बारकी विरघळेल आणि अर्ज मागे घेईल. मी दोन दिवस तोच विचार करत होते. कामावर एका मुकादमाशी उगाच भांडले, एक चांगला पाइप चुकीचा कापला. आणि ठरवलं की मागे घेणार नाही. घेतला तर मी आयुष्यभर तुझ्याकडे बघून तेच आठवत बसेन, आणि तुझ्याशी गोड बोलेन. माझं गोड बोलणं तुला सोसणार नाही.

पण पुन्हा मागणारही नाही. तू जा किंवा जाऊ नकोस. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मी तुला फोन करून विचारणार नाही, आणि कामावरून तर मुळीच करणार नाही. काल एका घरी बाईंनी विचारलं, तुमचे दादा काय म्हणाले? मी म्हटलं, विचारलं नाही. त्यांनी शेजारणीला बोलावून आणलं आणि दोघी माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या. राहू देत. पाइप त्यांच्यासमोर गळला नाही.

खोलीत पंखा आहे. आवाज करतो, पण फिरतो.

रागाने का होईना, तुझीच,
बारकी

---

१४ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मी कचेरीत जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कारण तू आली असतीस आणि मला तुझ्यासमोर बोलता आलं नसतं. एकटाच गेलो. जिना चढताना मध्ये दोनदा बसलो, आता तेही लिहून टाकतो.

साहेबाने सरळ प्रश्न विचारले. दवाखान्याच्या लाइनचा ढाळ कुणी ठरवला? मी म्हटलं, बहिणीने. शाळेत भिंत बुजवायच्या आधी कुणी तपासलं? बहिणीने. तुम्ही तिथे होता? नव्हतो. फोनवर सांगत होता? मी म्हटलं, ती विचारायची आणि मी हं म्हणायचो. तो म्हणाला, सही तर तुमची आहे. मी म्हटलं, सही माझी आहे. मग त्याने चष्मा काढला आणि विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही नक्की काय करत होता?

बारके, मी म्हटलं, काही नाही. सह्या करत होतो.

टेबलाशी बसलेला कचेरीतला एक माणूस हसला. साहेब हसला नाही. माझा परवाना रद्द झाला आहे. तुझा मंजूर झाला आहे, या आठवड्यात जाऊन घेऊन ये. वसाहतीचं उरलेलं काम तुझ्या नावावर कर, ते मध्ये लटकायला नको. मी तिथल्या मुकादमाला कळवलं आहे.

मला आभाराचं पत्र पाठवू नकोस. मी तुझ्यावर उपकार केले नाहीत आणि माझा रागही गेलेला नाही. तू हे सगळं उकरलं नसतंस तर मी माझ्या खुर्चीत सुखाने मेलो असतो. आणि भेटायलाही येऊ नकोस एवढ्यात. आई तुझं कौतुक करेल, वहिनी डोळे पुसेल, आणि मी कुठे बघू? दुकानाचं शटर खाली आहे. पाटी मी अजून काढलेली नाही, ती काढायला शिडी लागते.

त्या माणसाचं हसणं चूक नव्हतं. प्रश्न बरोबर होता.

तुझं भलं होवो. हे मनापासून लिहिलं आहे.

तुझा दादा

---

२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवाना घेऊन आले. आभार मानत नाही, तू घाबरू नकोस. मी इतकी चिडले आहे की आधी लिहायला बसले ती दोन पत्रं फाडून टाकली.

तू शपथ घेतलीस आणि खोटं बोललास.

काही नाही, सह्या करत होतो. हे उत्तर? मला शिकवलं कुणी? बाबांनी? बाबा मला दुकानात गल्ल्यापाशीसुद्धा फिरकू देत नव्हते. तू त्यांची नजर चुकवून मागच्या बोळात मला पाना धरायला शिकवलंस. एक जोड माझ्याकडून सबंध दिवस पुन्हा पुन्हा करून घेतलास, माझ्या हाताची सालपटं निघाली, मी रडले, आणि तू पुढचा तुकडा पुढे केलास. पहिल्या मोठ्या कामावर मालकाने मला फाटकातून आत घेतलं नाही, तेव्हा तू हत्यारं फाटकाबाहेर ठेवून खाली बसलास, आणि माणसांनाही बसवलंस. दुपारपर्यंत कुणी उठलं नाही, मग मालकच आला. ते तू साहेबाला सांगितलंस? पाइपला कान लावला की पाणी कुठे अडलंय ते कळतं, हे मी काय पुस्तकात वाचलं?

आणि प्रत्येक वेळी तू नुसता हं म्हणत नव्हतास. दवाखान्याची लाइन दाबाखाली ठेवली होती. दाब दाखवणारा काटा जागचा हलत नव्हता, डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या, मी नेहमीसारखा फोन लावला आणि म्हटलं, दादा, काटा स्थिर आहे, बुजवू ना? तू म्हणालास, थांब. मागचा व्हॉल्व्ह बंद केलास का? केला नव्हता. मुख्य लाइनमधून पाणी येतच होतं, म्हणून काटा हलत नव्हता. बंद केला आणि काटा खाली आला. एक जोड गळत होता. ती भिंत बुजवली असती तर आज तुझा गेला तसा माझा परवानाही मिळायच्या आधीच गेला असता. तू घरी बसल्या बसल्या ते ओळखलंस. तू विसरलास. मी विसरले नाही, मला त्या दिवशी तुझा एवढा राग आला होता.

तर तू त्या हसणाऱ्या माणसाला हसू दिलंस, आणि घरी येऊन मला लिहितोस की त्याचं चूक नव्हतं. माझा हक्क मला देताना स्वतःला एवढं पुसून टाकायला तुला कुणी सांगितलं? मी खरं मागितलं होतं. तू मला सोयीचं दिलंस. मदतनीस लिहिलंस ते अर्धं होतं, आणि हेही अर्धंच आहे.

वसाहतीचं काम माझ्या नावावर केलं. मुकादमाने कंत्राटदार म्हणून माझं नाव विचारलं आणि मी सांगितलं. फार बरं वाटलं, लपवत नाही. हा परवाना मी कुणासाठी सोडणार नाही, तुझ्यासाठीही नाही.

पण सोमवारी मी कचेरीत जाते आहे. साहेबांना सांगणार आहे की माझ्या भावाची साक्ष अपुरी आहे, उरलेली मी देते. सह्या खोट्या होत्या, त्याची शिक्षा झाली, ती होऊ दे. पण 'काही नाही' हे तिथे लिहिलेलं राहणार नाही. ते म्हणतील, मग तुमचं काम स्वतंत्र कसं? भाऊ शिकवत होता, भाऊ चूक काढत होता, तर तुमचाही परवाना पुन्हा तपासावा लागेल. वहिनीही फोनवर हेच म्हणाली. तपासू देत. ज्याला कुणी शिकवलं नाही असा एक तरी प्लंबर त्यांनी मला दाखवावा.

तुला यावं लागेल. जिन्यात पाहिजे तितका बस, मी थांबेन. वर गेल्यावर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं आणि मी तुझ्याबद्दल काय सांगते ते मान खाली न घालता ऐकायचं. नंतर मला हवं तेवढं बोल.

कचेरी दहाला उघडते. उशीर केलास तर मी थांबून राहणार नाही, साहेब आले की बोलायला सुरुवात करणार आहे. तेव्हा वेळेवर ये.

तुझ्या हाताखाली शिकलेली,
बारकी